लोण्यातल्या अदृश्य घटकाचा शोधक : एल्मर मॅकॉलम

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फोर्ट स्कॉट गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात ३ मार्च १८७९ रोजी एका मुलाचा जन्म झाला. आईचे दूध लवकर तुटले. बाळाला उकळलेले दूध आणि कुस्करलेला बटाटा यांवर वाढवणे भाग पडले. काही महिन्यांतच ते सुकत गेले. हिरड्या सुजल्या, सांधे दुखू लागले, अंगावर डाग उठले. मूल हाती लागेल अशी आशा उरली नव्हती. एके दिवशी आई सफरचंदे सोलत बसली असताना मांडीवरच्या बाळाला गप्प करण्यासाठी तिने त्याच्या तोंडाला सफरचंदाचा थोडा कीस लावला. बाळाने तो अधाशासारखा चोखला. मग ती रोज त्याला तो देत गेली आणि मूल बघता बघता सावरले. तो आजार स्कर्व्हीचा होता, हे पुढे अनेक वर्षांनी त्या मुलालाच उमगले. तोपर्यंत तो आहारशास्त्रातील जगप्रसिद्ध संशोधक एल्मर व्हर्नर मॅकॉलम झाला होता.

माणसाला अ जीवनसत्त्वाची ओळख करून देण्याचे श्रेय ज्या मोजक्या संशोधकांकडे जाते, त्यांत मॅकॉलम यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. अमुक पदार्थात अमुक घटक आहे एवढेच सांगून ते थांबले नाहीत. तो घटक स्निग्ध पदार्थांच्या आश्रयाने राहतो, हे त्यांनी दाखवले. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु हे जीवनसत्त्व शरीरात कसे शिरते, कुठे साठते, कसे वाहून नेले जाते आणि आजारपणात ही साखळी कुठे तुटते, या सगळ्याची किल्ली त्या एकाच गुणधर्मात दडलेली होती.

मॅकॉलम यांच्या आईला शिक्षणाची फार ओढ होती. वडिलांची प्रकृती ढासळल्यावर घरचा भार तिच्यावरच आला. मुलांना शिकता यावे म्हणून तिने शेत सोडून लॉरेन्स या विद्यापीठाच्या गावी बिऱ्हाड हलवले. तेव्हा एल्मर सतरा वर्षांचा होता आणि त्याचे रीतसर शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्याने गावातील रस्त्यांवरचे गॅसचे दिवे लावण्याचे काम पत्करले. कॅन्सस विद्यापीठातून १९०३ मध्ये पदवी आणि पुढच्याच वर्षी पदव्युत्तर पदवी मिळवून तो येल विद्यापीठात गेला. १९०६ मध्ये तेथे डॉक्टरेट मिळवल्यावर प्रथिनांचे ख्यातनाम अभ्यासक टॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांच्या सहवासात त्याने काही काळ काम केले. हेच दोघे पुढे त्याचे प्रतिस्पर्धी ठरणार होते.

१९०७ मध्ये मॅकॉलम विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. तेथे त्याच वर्षी एक अनोखा प्रयोग सुरू झाला होता. सोळा कालवडींचे चार गट करण्यात आले. एका गटाला केवळ मक्यापासूनचा, दुसऱ्याला गव्हापासूनचा, तिसऱ्याला ओटपासूनचा आणि चौथ्याला तिन्हींच्या मिश्रणाचा आहार देण्यात आला. रासायनिक पृथक्करणानुसार चारही आहारांत प्रथिने आणि ऊर्जा यांचे प्रमाण समान राखले होते. त्या काळच्या शास्त्राप्रमाणे चारही गट सारखेच वाढायला हवे होते. प्रत्यक्षात मका खाणाऱ्या गायी तुकतुकीत झाल्या आणि त्यांना धडधाकट वासरे झाली. गव्हावर पोसलेल्या गायी खंगल्या, त्यांना दिसेनासे झाले आणि त्यांची वासरे मेलेली जन्मली किंवा जन्मून लगेच दगावली. रसायनशास्त्राच्या तराजूत समान ठरलेले अन्न जनावरांच्या शरीरात समान ठरत नव्हते. हा फरक कशामुळे पडतो, हे शोधण्याचे काम तरुण मॅकॉलम यांच्याकडे आले.

चारा, दूध, शेण, मूत्र यांचे पृथक्करण करून हाती काही लागेना. तेव्हा मॅकॉलम यांनी जर्मन भाषेतील संशोधनाच्या वार्षिक संग्रहांचे जुने खंड चाळले. शुद्ध प्रथिने, पिष्टमय पदार्थ, चरबी आणि क्षार यांच्यावरच ठेवलेले लहान प्राणी फार काळ तगत नाहीत, अशी निरीक्षणे त्यांत विखुरलेली होती. हे कोडे गायींवर सोडवायचे तर आयुष्य पुरणार नाही, हे त्यांनी ओळखले. लवकर वाढणारा, थोडे खाणारा आणि दोन-तीन वर्षांत जीवनक्रम संपवणारा प्राणी त्यांना हवा होता. त्यांनी उंदीर निवडले. शेतकऱ्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत शेतकऱ्यांच्या शत्रूला पोसायचे, ही कल्पना अधिष्ठात्यांना मुळीच रुचली नाही. ज्येष्ठ शास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक मात्र पाठीशी उभे राहिले. तबेल्यातले रानटी उंदीर हाताळता येईनात, तेव्हा मॅकॉलम यांनी शिकागोच्या एका पाळीव प्राण्यांच्या विक्रेत्याकडून स्वतःच्या खिशातून डझनभर पांढरे उंदीर विकत आणले. १९०८ च्या प्रारंभी ही वसाहत वसली. आहारशास्त्राच्या अभ्यासासाठी अमेरिकेत उभी राहिलेली ही अशा प्रकारची पहिली वसाहत मानली जाते.

पहिली काही वर्षे अपयशाची गेली. शुद्ध अन्न बेचव असते म्हणून उंदीर ते पुरेसे खात नाहीत, अशी मॅकॉलम यांची समजूत झाली होती आणि ती त्यांनी प्रसिद्धही केली. ती चुकीची ठरली. अशा वेळी १९०९ मध्ये मार्गरीट डेव्हिस ही तरुण पदवीधर त्यांच्या मदतीला आली. उंदरांची निगा, आहाराची मोजमापे आणि वजनांच्या नोंदी हे सारे तिने पाच वर्षे एक पैही न घेता सांभाळले. अ जीवनसत्त्वाच्या शोधात तिचा वाटा मॅकॉलम यांच्या बरोबरीचा आहे.

केसीन हे दुधातील प्रथिन, दुग्धशर्करा, क्षार आणि डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचे तेल असा आहार दिलेले उंदीर सुमारे तीन महिने बरे वाढत आणि मग त्यांची वाढ एकाएकी थांबे. परंतु चरबीऐवजी लोणी दिले, किंवा अंड्याच्या बलकातून वा लोण्यातून ईथरच्या साहाय्याने काढलेला अर्क त्यांच्या अन्नात मिसळला, की खुंटलेले उंदीर पुन्हा वाढीला लागत. ऊर्जेचा विचार केला तर लोणी आणि डुकराची चरबी यांत भेद करण्याचे कारण नव्हते. तरीही एक जीव वाचवत होते आणि दुसरी वाचवत नव्हती. याचा अर्थ स्निग्ध पदार्थांबरोबर वावरणारा, परंतु स्वतः चरबी नसलेला एखादा घटक तेथे होता. मॅकॉलम आणि डेव्हिस यांचा हा निबंध १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्बोर्न आणि मेंडेल यांचा तशाच निष्कर्षाचा निबंध त्याच नियतकालिकाकडे अवघ्या तीन आठवड्यांनी पोहोचला. श्रेयाचा वाद पुढे बराच काळ रेंगाळला.

पुढच्या वर्षी मॅकॉलम यांनी आणखी एक निर्णायक प्रयोग केला. त्यांनी लोण्यातील चरबीचे अल्कलीच्या साहाय्याने साबणात रूपांतर केले आणि तिच्यातला तो घटक निरुपयोगी ठरलेल्या ऑलिव्ह तेलात उतरवला. ते तेल आता उंदरांना वाढवू लागले. घटक चरबीपासून वेगळा आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. १९१६ मध्ये कॉर्नेलिया केनेडी यांच्यासह त्यांनी या घटकाला स्निग्धविद्राव्य अ आणि भाताच्या कोंड्यासारख्या पदार्थांत आढळणाऱ्या दुसऱ्या घटकाला जलविद्राव्य ब असे म्हटले. जीवनसत्त्वांना अक्षरांनी ओळखण्याची आजची पद्धत तेथून रुजली. कॅसिमिर फंक यांनी १९१२ मध्ये सुचवलेला शब्द आणि मॅकॉलम यांची अक्षरे यांची सांगड १९२० मध्ये ब्रिटिश संशोधक जॅक ड्रमंड यांनी घातली.

प्रयोगशाळेतील उंदरांना जे होत होते, तेच त्या सुमारास युरोपातील बालकांना होत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमधील लोणी परदेशी जात होते आणि गरीब घरांतील मुलांच्या वाट्याला साय काढलेले दूध व वनस्पती तेलांपासूनचे मार्गारीन येत होते. या मुलांचे डोळे कोरडे पडत, बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ होऊन फुटे आणि दृष्टी कायमची जाई. कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लोक यांनी सायीसकट दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन अशी अनेक मुले वाचवली. लोण्यातील घटकाचा प्रश्न आता केवळ उंदरांच्या वजनाचा राहिला नव्हता.

१९१७ मध्ये मॅकॉलम बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नव्याने स्थापन झालेल्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयात प्राध्यापक झाले. दूध आणि हिरव्या पालेभाज्या यांना त्यांनी संरक्षक अन्न असे नाव दिले. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. व्याख्याने आणि गृहिणींच्या मासिकांतील लेखन यांच्याद्वारे त्यांनी एका पिढीच्या खाण्याच्या सवयी बदलल्या. १९२२ मध्ये त्यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलात उष्णता देऊन हवा खेळवली. त्या तेलाने डोळ्यांचा विकार बरा होईना, परंतु मुडदूस मात्र बरा होई. एकाच तेलात दोन निराळे घटक आहेत, हे त्यावरून स्पष्ट झाले आणि दुसऱ्या घटकाला पुढे ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

त्यांच्या चुकाही तितक्याच बोलक्या होत्या. १९१७ मध्ये त्यांनी गिनिपिगांवरील प्रयोगांवरून असा निष्कर्ष काढला, की स्कर्व्ही हा कोणत्याही घटकाच्या अभावामुळे होत नसून आतड्यात मळ साचल्याने होतो. उंदीर क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे उंदरांवर विसंबलेल्या संशोधकाला स्कर्व्हीचे खरे स्वरूप दिसू शकले नाही. सफरचंदाच्या किसाने ज्याचे प्राण वाचले होते, त्याच माणसाने त्या किसातील घटकाचे अस्तित्व काही काळ नाकारावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक क्रिस्टियान आइकमान आणि फ्रेडरिक गॉवलंड हॉपकिन्स यांना मिळाले. मॅकॉलम यांच्या वाट्याला ते कधीच आले नाही.

मॅकॉलम यांनी दाखवलेल्या वाटेवरून इतर संशोधक पुढे गेले. गाजर, पिवळा मका आणि पालेभाज्या यांतील कॅरोटीन या पिवळ्या रंगद्रव्याचे शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होते, हे केंब्रिजच्या थॉमस मूर यांनी सिद्ध केले. कॅन्ससच्या मातीत वाढलेल्या संशोधकाने पाहिलेल्या मक्यावरच्या त्या तुकतुकीत गायींचे रहस्य बव्हंशी यातच होते. झुरिकच्या पॉल कारर यांनी जीवनसत्त्वाची रेणुरचना उलगडली. १९३३ मध्ये जॉर्ज वाल्ड यांना दृष्टिपटलातच अ जीवनसत्त्व आढळले. मंद प्रकाशात पाहण्यासाठी लागणाऱ्या रंगद्रव्यात या जीवनसत्त्वाचा वाकलेला रेणू प्रथिनाला चिकटलेला असतो. प्रकाशाचा कण आदळताच तो सरळ होतो आणि मेंदूकडे संदेश निघतो. सरळ झालेला रेणू पुन्हा वाकवून वापरला जातो, पण या फेऱ्यांत झालेली तूट रक्तातून भरून निघावी लागते. ती भरून निघाली नाही, की संध्याकाळी धडपडणारे मूल रातांधळे झाल्याचे ध्यानात येते. १९६७ मध्ये वाल्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबर रोजी मॅकॉलम यांचे बाल्टिमोर येथे निधन झाले.

एक प्रश्न मात्र त्यांच्या हयातीत अनुत्तरितच राहिला. तेलात विरघळणारा आणि पाण्यात न मिसळणारा हा घटक पाण्यासारख्या रक्तातून प्रवास कसा करतो? त्याचे उत्तर त्यांच्या निधनानंतर वर्षभरातच, १९६८ मध्ये, कानाई, राझ आणि ड्यूविट गुडमन या संशोधकांनी दिले. अन्नातील स्निग्ध पदार्थ पित्ताच्या मदतीने आतड्यात शोषले जातात आणि त्यांच्याबरोबरच अ जीवनसत्त्व शोषले जाते. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बसून ते लसीकावाहिन्यांच्या मार्गाने रक्तात आणि तेथून यकृतात पोहोचते. शरीरातील बहुतांश साठा यकृतातील ताराकार पेशींत असतो. गरज पडेल तसे यकृत त्याचा एकेक रेणू एका विशिष्ट वाहक प्रथिनाच्या कुशीत बसवून रक्तात सोडते. हे प्रथिन लहान असल्याने मूत्रपिंडातून गळून जाण्याची भीती असते. म्हणून दुसरे एक मोठे प्रथिन त्याला सोबत करते. डोळ्यातील पेशी आपल्या पृष्ठभागावरील खास ग्राहकाद्वारे हा माल उतरवून घेतात. इतर पेशींत त्याचे आम्लात रूपांतर होते आणि ते थेट पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांना चालना देते. त्वचा, श्वासमार्ग आणि आतड्याचे अस्तर यांची घडण, तसेच रोगप्रतिकारशक्ती या आम्लावर अवलंबून असते. या आम्लाचे केंद्रकातील ग्राहक १९८७ मध्ये सापडले.

ही वाहतूक व्यवस्था कळल्यावर वैद्यकातील जुन्या कोड्यांचा उलगडा झाला. तीव्र कुपोषित बालकांच्या रक्तात अ जीवनसत्त्व फारच कमी असते. पण अशा काही बालकांना केवळ प्रथिनयुक्त आहार दिला, तरी जीवनसत्त्वाचा वेगळा डोस न देताही रक्तातील पातळी वाढते, असे १९६० च्या दशकात आढळले होते. यकृतात साठा असूनही तो वाहून नेणारे प्रथिन तयार होत नव्हते. उलटपक्षी, साठाच रिकामा असलेल्या मुलाला केवळ साय काढलेल्या दुधाची भुकटी दिली तर वाढीला वेग येतो, उरलेसुरले जीवनसत्त्व संपते आणि डोळे बिघडतात. म्हणून अशा भुकटीत हे जीवनसत्त्व मिसळण्याची प्रथा पडली. पित्ताचा प्रवाह अडला, आतड्याचा दीर्घ आजार झाला किंवा जस्त कमी पडले तरी साखळी तुटते. गोवरासारख्या संसर्गात रक्तातील वाहक प्रथिन घटते, गरज वाढते आणि तुटपुंजा साठा असलेल्या बालकाची दृष्टी काही दिवसांत जाऊ शकते. याची दुसरी बाजूही आहे. यकृताची साठवणक्षमता ओलांडेल इतके जीवनसत्त्व घेतल्यास ते वाहक प्रथिनाच्या संरक्षणाविना रक्तात फिरते आणि पेशींना इजा करते. गर्भवतींनी अतिरिक्त मात्रा टाळावी, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

अ जीवनसत्त्वाच्या सौम्य अभावानेही बालमृत्यू वाढतात, हे १९८३ मध्ये इंडोनेशियातील अभ्यासातून आल्फ्रेड सॉमर यांनी दाखवले. सॉमर पुढे ज्या विद्यालयाचे अधिष्ठाता झाले, ते मॅकॉलम यांनी अध्यापन केलेले जॉन्स हॉपकिन्सचेच सार्वजनिक आरोग्य विद्यालय होय. भारताने त्याआधीच, १९७० मध्ये, हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधनाच्या आधारे बालकांना दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटचा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. यकृत हा साठा महिनोन्महिने जपून ठेवते, म्हणूनच वर्षातून दोनदा दिलेला चमचाभर डोस पुरतो. महाराष्ट्रातही नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत बालकांना या डोसांचे नऊ हप्ते दिले जातात आणि पहिला डोस गोवराच्या लसीसोबत असतो.

मॅकॉलम यांनी उत्तरायुष्यात आहारशास्त्राचा इतिहास लिहिला आणि १९६४ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यांच्या संशोधनातील मुख्य धडा आजही साधाच आहे. शेवग्याच्या पाल्याची, चाकवताची किंवा माठाची भाजी बाळाला भरवताना तिच्यात थोडे तेल किंवा तूप असावे, आणि पानात डाळ-दूध असावे. स्निग्धांश नसेल तर जीवनसत्त्व आतड्यातून पुढे सरकत नाही आणि प्रथिने नसतील तर यकृतातून बाहेर पडत नाही. विस्कॉन्सिनमधील एका खोलीत डझनभर पांढऱ्या उंदरांचे वजन रोज टिपणाऱ्या दोघांनी ज्या घटकाचा माग काढला, त्याच घटकाचा तो चमचाभर डोस आज अंगणवाडीतल्या बालकाची दृष्टी राखतो.